वाचक विचारतात: काढ्यानं रक्तवाहिन्या वाढतात की थांबतात?

मागच्या अंकात औषधी वनस्पतींचा अर्क फलित अंड्यात टाकून नव्या रक्तवाहिन्या वाढतात की अडतात हे कसं तपासतात यावर एक पान लिहिलं होतं. त्यावर इतके मेसेज आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत. आणि ज्यांनी रिपोर्टचे फोटो पाठवून "हे चालू करू का" असं विचारलंय त्यांना इथे उत्तर मिळणार नाही, रागावू नका, ते तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं.

ताई, मुळात रक्तवाहिन्या वाढणं चांगलं की वाईट? एका ठिकाणी वाचलं की अमुक पाल्यानं नव्या रक्तवाहिन्या फुटतात म्हणून जखम भरते, दुसरीकडे वाचलं तमुक मुळीनं त्या थांबतात म्हणून कॅन्सरवर गुणकारी. दोन्हीकडे फायदाच कसा?

बरोबर जागी बोट ठेवलंत. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्या बहुतेक वेळ शांत असतात, त्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी क्वचितच विभागतात. अपवाद मोजकेच, जखम भरताना, पाळीच्या चक्रात गर्भाशयाचं अस्तर पुन्हा तयार होताना, आणि गरोदरपणात वार वाढताना. जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथल्या पेशी रसायनं सोडून हाका मारतात आणि जवळच्या वाहिनीला त्या दिशेनं फांदी फुटते, यालाच अँजिओजेनेसिस म्हणतात.

ज्युडा फोकमन नावाचे अमेरिकन सर्जन होते, त्यांनी १९७१ साली मांडलं की कॅन्सरची गाठसुद्धा हेच करते, नवा रक्तपुरवठा मिळाला नाही तर ती एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढूच शकत नाही, मग तो पुरवठाच तोडला तर? तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही. पुढे १९८३ मध्ये गाठींमधून सुटणारा, वाहिन्यांना गळती लावणारा एक पदार्थ सापडला, १९८९ मध्ये त्याचं जनुक हाती लागलं, तोच नव्या वाहिन्या फुटवणारा आजचा प्रसिद्ध व्हीईजीएफ, आणि त्याला पकडून ठेवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत फेब्रुवारी २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. म्हणजे कल्पना ते औषध यात तेहतीस वर्षं गेली, आणि इतकं करून काय मिळालं तर केमोसोबत दिल्यावर मधलं आयुर्मान १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं. ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला पाच महिने म्हणजे काय हे सांगायला नको. पण "रसद तोडली की गाठ उपाशी मरते" ही जी गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते ना, तेवढं सोपं ते नाही. याच औषधाला स्तनाच्या कॅन्सरसाठी दिलेली परवानगी अमेरिकेनं २०११ मध्ये काढूनही घेतली.

आता तुमचा मुद्दा. डायबेटिस घ्या. डोळ्याच्या पडद्यात ऑक्सिजन कमी पडला की तिथे नव्या, कच्च्या, गळक्या वाहिन्या फुटतात आणि नजर जाते, म्हणून डोळ्यात त्या थांबवणारं इंजेक्शन देतात. त्याच माणसाच्या पायाला जखम झाली तर तिथे मात्र नव्या वाहिन्या हव्या तेवढ्या येत नाहीत म्हणून ती महिनोन्महिने भरत नाही. एकच माणूस, वर थांबवायच्यात आणि खाली वाढवायच्यात. त्यामुळे "या वनस्पतीनं रक्तवाहिन्या रोखल्या" हे वाक्य वाचून लगेच खूश व्हायचं कारण नाही, कुठल्या अवयवात, कुणाच्या, आणि किती दिवस, हे कळल्याशिवाय त्याला काही अर्थच नाही.

मॅडम, मी एम.फार्म.ला आहे. माझ्या प्रोजेक्टमध्ये एका झाडाच्या सालीचा अर्क कॅमवर टाकला तर डिस्कखालच्या सगळ्या वाहिन्या गायब झाल्या. गाईड म्हणतात थीसिसमध्ये "प्रभावी अँजिओजेनेसिस-रोधक" असं लिही. लिहू का?

थांब जरा, अजून नको लिहूस.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते की कॅम काय असतं. कोंबडीचं पिल्लू एकवीस दिवसांनी बाहेर येतं. त्याआधी कवचाच्या आतून एक पातळ पडदा पसरतो, त्यालाच कॅम म्हणतात, गर्भ त्यातूनच श्वास घेतो, त्यामुळे तो रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला असतो. साधारण तिसऱ्या दिवशी सुई घालून अंड्यातला दोन-तीन मिली पांढरा बलक काढून घेतात म्हणजे आतलं सगळं कवचापासून जरा खाली बसतं, मग वर छोटी खिडकी कापायची, टेप लावून बंद करायची आणि अंडं परत साडेसदतीस डिग्रीच्या आसपास इन्क्युबेटरमध्ये. आठव्या दिवसाच्या सुमारास खिडकी उघडून अर्कात भिजवून वाळवलेली फिल्टर पेपरची चकती पडद्यावर ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी फोटो काढून फांद्या मोजायच्या. स्वस्त, झटपट, आणि डोळ्यांना दिसतं, म्हणून जगभर लहान लॅबमध्ये हीच टेस्ट चालते.

पण बघ, तू म्हणतेस *सगळ्या* वाहिन्या गायब झाल्या. नव्या फुटणं थांबवणारा पदार्थ नव्यांना थांबवेल, डिस्क ठेवली तेव्हा आधीच तयार असलेल्या जाडजूड वाहिन्या कुठे गेल्या? त्याही गेल्या असतील तर मला आधी शंका येते ती विषाची किंवा जळजळीची. तुला माहीत असेलच, नसेल तर ऐक, हाच पडदा सौंदर्यप्रसाधनं आणि केमिकल्स डोळ्याला झोंबतात का हे बघायलाही वापरतात, त्यात पदार्थ टाकून फक्त पाच मिनिटं बघत बसतात की रक्तस्राव होतो का, वाहिन्या विरघळतात का, गोठतात का. म्हणजे त्याच पडद्यावर तेच चित्र एका लॅबमध्ये "झोंबणारा पदार्थ" ठरतं आणि दुसऱ्या लॅबमध्ये "कॅन्सरवर आशादायक"! तुझ्या अर्कानं पहिल्या पाच-दहा मिनिटांत काय केलं ते बघितलंस का? नसशील तर उद्याच दोन-चार अंड्यांवर बघ.

दुसरं, साल म्हणालीस. सालीत टॅनिन भरपूर असतं. टॅनिनचं कामच प्रोटीनला धरून त्याचा साका करणं, चामडं कमावतात ते यावरच. पडद्यावर घट्ट टॅनिन पडलं तर पांढरट डाग पडून खालचं काही दिसेनासं होऊ शकतं आणि वरून बघणाऱ्याला वाटतं वाहिन्या गेल्या. अर्कातलं टॅनिन काढून टाक आणि उरलेला भाग परत लाव. परिणाम टिकला तर मजा आहे, गेला तर निदान कळलं की आपण काय बघत होतो. पेशींवरच्या टेस्टमध्येही टॅनिन असाच घोळ घालतं, सगळ्याच एन्झाइमना चिकटतं आणि सगळीकडे "ॲक्टिव्ह" दिसतं.

मग कंट्रोल. नुसतं पाणी लावलेलं अंडं पुरत नाही, अर्क ज्यात विरघळवलास, अल्कोहोल असो की डीएमएसओ, तेवढंच लावलेली अंडी हवीतच, आणि एखादा ओळखीचा रोधक लावलेलीही हवीत, सुरामिन घे किंवा सुनिटिनिब. अर्क फार घट्ट असेल तर नुसत्या क्षारांच्या आणि साखरेच्या ताणानंही पडदा बिघडतो. खिडकी कापताना कवचाची पूड पडद्यावर पडली तर तिथे दाह होतो आणि दाह झाला की वाहिन्या वाढतात, म्हणजे उलट्या बाजूनंही फसायला होतं. चकती वाळताना पडदा आक्रसून आजूबाजूच्या वाहिन्या तिच्याकडे ओढल्या जातात आणि चाकाच्या आऱ्यांसारखं छान चित्र दिसतं, लोक त्याला "वाढ" म्हणून छापतात, प्रत्यक्षात एकही नवी फांदी फुटलेली नसते.

आणि मोजणी तू करू नकोस. म्हणजे कर, पण फोटोंवरची लेबलं दुसऱ्या कुणाला तरी झाकायला सांग आणि मग कर. आपल्याला कुठल्या अंड्यात अर्क आहे हे माहीत असलं की हात आपोआप तिकडे दोन फांद्या कमी मोजतो, त्यात लबाडी नसते पण होतं ते. गर्भ मेला असेल तर ते अंडं "वाहिन्या शून्य" म्हणून धरायचं नाही, बाजूला काढायचं आणि किती मेली ते थीसिसमध्ये लिहायचं. कंट्रोलमध्ये दोन मेली आणि अर्कात दहा, तर तोच तुझा खरा रिझल्ट आहे.

एवढं झाल्यावरही एका डोसवर थांबू नकोस, अर्क दहापट, शंभरपट पातळ करत जा. गर्भ ठणठणीत जिवंत आहे आणि तरी नव्या फांद्या कमी फुटल्यात असा मधला टप्पा सापडला तर ती बातमी. मग दुसरी टेस्ट लाव. बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या शिरेतून अस्तराच्या पेशी काढतात, त्या एका जेलवर पसरल्या की काही तासांत हात पसरून एकमेकींना धरतात आणि जाळी विणतात, अर्क घातल्यावर जाळी होते का ते बघायचं. इथेही तोच सापळा आहे, मेलेली पेशी जाळी विणत नाही, म्हणून बरोबरीनं पेशी जिवंत आहेत का याची एमटीटी टेस्ट त्याच डोसला, तितक्याच वेळाला झालीच पाहिजे. कॉलेजच्या आसपास कुठे झेब्राफिशची लॅब असेल तर दार ठोठाव, त्यांची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात आणि वाहिन्या हिरव्या चमकणाऱ्या जातीचे मासे २००२ पासून आहेत, दोन दिवसांच्या पिल्लात पाठीच्या खंडांमधल्या वाहिन्या एक-एक मोजता येतात.

गाईडना काय सांगायचं हा तुझा प्रश्न, मी त्यात पडत नाही. पण व्हायवाला बाहेरचा परीक्षक आला आणि त्यानं "टॅनिन काढलं होतं का" एवढं विचारलं तरी पंचाईत होईल, ती आत्ताच टाळ.

माझ्या जाऊबाईंना कॅन्सर आहे, केमो चालू आहे, ऑपरेशनही सांगितलंय. हळदीतलं कर्क्युमिन गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करतं असं संशोधन झालंय म्हणे, म्हणून नणंदेनं कॅप्सूल आणून दिल्यात. द्याव्यात का?

संशोधन झालंय हे खरं आहे. १९९८ मध्ये प्राण्यांच्या डोळ्याच्या बुबुळावर कर्क्युमिननं नव्या वाहिन्या अडवल्या हे छापून आलं, त्यानंतर पेशींवर ढिगानं काम झालंय. अडचण लॅबमधल्या पेशींच्या प्लेटमधून माणसात येतानाची आहे.

थोडा हिशोब करू. वनस्पतींच्या अर्कांवरचे बरेचसे प्रयोग दर मिलीला शंभर मायक्रोग्रॅम अशा डोसला "गुण" दाखवतात. ऐकायला कणभर वाटतं. माणसाच्या अंगात रक्त पाच लिटर, म्हणजे तेवढाच दाटपणा रक्तात हवा असेल तर अर्धा ग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात तरंगत असला पाहिजे, एक कणही न पचता, यकृतानं न मोडता, लघवीतून न जाता. आणि औषध काय फक्त रक्तात थांबत नाही, अंगातलं सगळं पाणी धरलं तर चाळीसेक लिटर, मग चार ग्रॅम झाले. तेही तासन्‌तास टिकवायचं कारण प्लेटमधल्या पेशी त्यात दिवसभर बुडालेल्या असतात. कर्क्युमिनचं तर विशेषच वाईट आहे, दिवसाला काही ग्रॅम गिळलं तरी रक्तात जेमतेम सापडतं, बहुतेक पोटातूनच निघून जातं नाहीतर यकृत त्याचं रूप बदलून टाकतं. त्यात ते अस्थिर, रंगीत, आणि बऱ्याच टेस्टना खोटा पॉझिटिव्ह देणारं. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यावरचं सगळं काम चाळून काढलं आणि नीट आंधळ्या पद्धतीनं, म्हणजे कुणाला खरं औषध आणि कुणाला खोटं हे झाकून, केलेल्या एकाही चाचणीत ते यशस्वी ठरलेलं नाही असा निष्कर्ष काढला.

मग कंपन्या काय करतात, ते रक्तात जास्त जावं म्हणून मिरीचा अर्क घालतात. त्यानं जातं थोडं जास्त, पण मिरीतलं ते पायपरीन यकृताचं औषधं मोडायचं कामच मंदावतं, म्हणजे केमोची औषधंसुद्धा अंगात जास्त साठू शकतात. अशा तीव्र कॅप्सूलमुळे यकृताला इजा झालेले पेशंट वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत.

आणि समजा, क्षणभर समजा की कॅप्सूल खरंच वाहिन्या अडवते. तर मग ऑपरेशनची जखम भरायलाही नव्या वाहिन्याच लागतात हो! बेव्हॅसिझुमॅब चालू असलेल्या पेशंटचं ठरवून करायचं ऑपरेशन शेवटच्या डोसनंतर किमान अठ्ठावीस दिवस करत नाहीत, आणि ऑपरेशननंतरही निदान अठ्ठावीस दिवस आणि जखम पूर्ण भरेपर्यंत ते सुरू करत नाहीत. जाहिरात खरी असेल तर ऑपरेशनच्या तोंडावर ती कॅप्सूल घेणं चूक, खोटी असेल तर पैसे वाया. नणंदबाईंनी मायेनं आणल्यात हे कळतंय, त्यांना दुखवू नका, पण बाटली उचलून सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि घेतलेल्या असतील तर किती घेतल्या तेही सांगा. भाजी-आमटीत पडते तेवढ्या हळदीबद्दल मी बोलत नाहीये, तिचा या सगळ्याशी संबंध नाही.

मी निवृत्त शिक्षक आहे. ज्या वनस्पती आपले पूर्वज शेकडो वर्षं वापरत आले त्यांची परीक्षा कोंबडीच्या अंड्यावर घ्यायची हा उलटा न्याय वाटतो. अनुभव हा पुरावा नाही का?

सर, अनुभव हा पुरावा आहेच, पण कशाचा ते बघावं लागतं. पानांचा लगदा लावल्यावर जखम लवकर सुकली हे पिढ्यान्‌पिढ्या बघता येतं, ते समोर दिसतं. शरीराच्या आत कुठली वाहिनी फुटली, आणि दहा वर्षांनी मूत्रपिंड गेलं ते कशानं, हे नुसत्या बघण्यानं कळत नाही.

सदाफुलीची गोष्ट मला या वादात नेहमी आठवते. तिच्या पानांचा उपयोग लोक मधुमेहावर करायचे, म्हणून १९५०च्या दशकात कॅनडात ती उंदरांना देऊन बघितली. साखर काही विशेष उतरेना, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या, आणि एकाला वाटलं की मग हे रक्ताच्या कॅन्सरवर चालेल. त्यातून व्हिनब्लास्टिन आलं, पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन, आजही मुलांच्या ल्युकेमियात ते दिलं जातं. आता परंपरा बरोबर होती की चूक? मधुमेहाबद्दल तिचं म्हणणं टिकलं नाही, पण या झाडात काहीतरी जोरदार आहे एवढं तिनं बरोबर दाखवलं. रक्तवाहिन्यांच्या बाबतीत गंमत अशी की हेच व्हिनब्लास्टिन पेशी मारायला लागतं त्याहून कितीतरी कमी डोसला नव्या वाहिन्या अडवतं हे नंतर प्रयोगात दिसलं. मात्र यावरून कुणी सदाफुलीची पानं चावायला लागू नका, पानात ते नखभरही नसतं, प्रमाण कधी किती येईल नेम नाही, आणि बाकीची अल्कलॉइड्स सोबत येतात ती वेगळीच.

अजून एक उदाहरण, हे थोडं आपल्या हिरड्या-बेहड्याच्या नात्यातलं. दक्षिण आफ्रिकेत कॉम्ब्रेटम नावाचं झाड आहे, हिरडा, बेहडा, अर्जुन यांच्याच कुळातलं, त्याच्या सालीतून कॉम्ब्रेटास्टॅटिन निघालं. ते नव्या वाहिन्या अडवण्यापेक्षा गाठीत आधीच झालेल्या वाहिन्या कोसळवतं, काही तासांत गाठीचा मध्यभाग मरतो. प्रयोगशाळेत डोळे दिपवणारं प्रकरण, पण माणसांवरच्या चाचण्यांत रक्तदाब आणि हृदयाच्या तक्रारी आडव्या आल्या आणि कडेला जिवंत राहिलेल्या पेशींपासून गाठ परत वाढते ही कटकट होतीच. म्हणून लगेच अर्जुनातही तेच असेल असं मात्र नाही, कूळ एक म्हणून रसायन एक असा बादरायण संबंध लावायचा नसतो.

आणि परंपरेतली वनस्पती तीच आहे हे तरी कुठे नक्की असतं? १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या एका क्लिनिकनं चिनी वनस्पतींची पावडर दिली, त्यात एका मुळीच्या जागी दुसरीच, ॲरिस्टोलोकियाची मुळी आली, आणि शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. आपल्याकडे ब्राह्मी म्हटलं की कुणी जमिनीवर पसरणारी बारीक मांसल पानांची बाकोपा आणून देतो तर कुणी गोल पानांची मंडूकपर्णी, दोन्ही पूर्ण वेगळ्या कुळातल्या. त्यातल्या मंडूकपर्णीतल्या एशियाटिकोसाइडनं अंड्याच्या पडद्यावर नव्या वाहिन्या *वाढवल्या* आणि प्राण्यांच्या जखमा लवकर भरल्या असं १९९९ चं काम आहे. आता पेपरात नुसतं "ब्राह्मीचा अर्क" लिहिलं असेल तर वाचणाऱ्यानं काय समजायचं? म्हणून झाडाचा वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये ठेवून त्याचा नंबर पेपरात देतात, तो नसेल तर मी तो पेपर पुढे वाचतच नाही. हा माझा हट्ट समजा हवं तर.

गरोदरपणात "नैसर्गिक" काढे चालतात ना? त्यांचा रक्तवाहिन्यांशी काय संबंध?

सरसकट नाही चालत. गर्भात तर सगळ्याच वाहिन्या नव्यानं तयार होत असतात. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलं, मळमळीसाठी आणि झोपेसाठी गरोदर बायकांना दिलं गेलं, १९६१ मध्ये काढून घेईपर्यंत हात-पाय खुरटलेली हजारो मुलं जन्मली होती. ते नवीन रक्तवाहिन्या रोखतं हे १९९४ मध्ये फोकमनच्याच लॅबमध्ये सशांच्या बुबुळावर दिसलं, आणि आज तेच औषध कडक बंधनं घालून मायलोमा नावाच्या कॅन्सरवर देतात. ते वनस्पतीतलं नव्हतं हे खरं, पण गर्भातल्या वाहिनीला अडवणारा पदार्थ झाडातून आला की फॅक्टरीतून यानं फरक पडत नाही. एखाद्या अर्काच्या जाहिरातीत "अँजिओजेनेसिस रोखते" असं अभिमानानं लिहिलेलं असेल तर गरोदर बाईनं त्याच्या वाटेला जाऊच नये.

बाबांच्या पायाला डायबेटिसची जखम आहे. मंडूकपर्णी किंवा कोरफडीनं नव्या रक्तवाहिन्या येतात असं वाचलं, तर लावू का? हार्टलाही म्हणे असंच काहीतरी करतात.

पायाच्या उघड्या जखमेवर घरचा लगदा नको. पानाबरोबर माती आणि जंतू जातात, आणि डायबेटिसच्या पायात दुखत नसल्यामुळे आत पू झालेला कळत नाही. मोठी रक्तवाहिनीच वर कुठे तुंबली असेल तर खाली कितीही बारीक फांद्या फुटल्या तरी रक्त येणार कुठून? आधी पायातला रक्तपुरवठा तपासून घ्या, जखमेवरचा दाब काढणं, साफसफाई, साखर, हे सगळं त्या पानाच्या कितीतरी आधी येतं.

हार्टचं म्हणाल तर तिथे चक्क शुद्ध व्हीईजीएफ पेशंटच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडून बघितलंय, विवा नावाची चाचणी, २००३ मध्ये छापून आली. दोन महिन्यांनी औषध घेतलेले पेशंट जास्त चालू शकत होते. पण ज्यांना नुसतं खोटं औषध दिलं होतं तेही तितकंच जास्त चालू शकत होते. सगळे "मला फरक पडला" म्हणणारे अनुभव ऐकताना मला ही चाचणी आठवते.

अंड्यावरचे प्रयोग म्हणजे जीवहत्या नाही का?

प्रश्न प्रामाणिक आहे. प्रयोग साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी संपवतात, तेव्हा गर्भाची वेदना जाणवणारी यंत्रणा पूर्ण झालेली नसते, म्हणून पुष्कळ देशांत या टप्प्यापर्यंत त्याला प्राण्यावरचा प्रयोग धरत नाहीत. हाच प्रयोग सशाच्या डोळ्यात किंवा उंदरात करण्यापेक्षा हा बरा, एवढंच मी म्हणेन. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी नाळेच्या पेशी आहेत, पण त्या ज्या जेलवर वाढतात ते उंदराच्या गाठीपासूनच बनवतात.

मोठ्या कंपन्या निसर्गातल्या गोष्टी दाबून टाकतात म्हणतात, खरं का?

त्यांना जमलं असतं तर त्यांनी विकल्या असत्या. फोकमनच्याच लॅबमध्ये एकदा पेशींच्या डिशमध्ये बुरशी पडली, असलं झालं की डिश फेकतात, पण तिथल्या डोनाल्ड इंगबर यांना दिसलं की बुरशीजवळच्या पेशी वाढायच्या थांबल्यात, तिच्यातून फ्युमॅजिलिन निघालं आणि १९९० मध्ये ते *नेचर*मध्ये छापून आलं. त्याचा सुधारलेला भाऊ कंपनीनंच बनवला, माणसांवर चाचण्या झाल्या, आणि मेंदूवरच्या दुष्परिणामांनी घोडं अडलं. दाबलं कुणी नाही, पेंगलेले, तोल जाणारे पेशंट बघून थांबावं लागलं.

मी अकरावीत आहे, सायन्स प्रोजेक्टला हा अंड्याचा प्रयोग घरी करू का?

घरी नको रे. दुकानात मिळणारी अंडी फलित नसतात, त्यात पडदाच तयार होत नाही, आणि फलित मिळाली तरी खिडकी कापणं हे निर्जंतुक जागेतलं काम आहे. त्यापेक्षा एक कर, फुकट वाचता येणाऱ्या पेपरांमधून कॅमचे दहा-पंधरा फोटो घे, कंट्रोल कुठला आणि अर्क कुठला ती नावं कापून टाक, फोटो पिसून तीन मित्रांना वेगवेगळं बसवून फांद्या मोजायला दे. मोठ्या वाहिनीला फुटलेली फांदी मोजायची की अगदी केसाएवढीसुद्धा, हे आधी ठरवून न देता एकदा, आणि ठरवून देऊन एकदा. तिघांचे आकडे एका तक्त्यात मांड आणि पेपरातल्या आकड्यांच्या शेजारी ठेव. मला पाठव, किती फरक पडतो ते पुढच्या अंकात छापू.